बटाट्याखालचा दगड

बटाट्याला पाणी लागतं, पण साचलेलं पाणी त्याला सोसत नाही. सरीत दोन दिवस पाणी तुंबलं की कंद सडायला लागतो. आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर खरिपाचा बटाटा घेणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. पाऊस पडावा आणि खाली निघून जावा, एवढीच त्याची जमिनीकडून अपेक्षा.

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातलं मेलँक्थन हेही पठारच. टोरांटोच्या वायव्येला शंभरेक किलोमीटरवर, दक्षिण ओंटारिओतल्या सर्वांत उंच भागांपैकी एक. लोकवस्ती तीन हजारांच्या आसपास, तीही विखुरलेली. इथली माती ‘हनीवुड लोम’ या नावाने ओळखली जाते. ती पोयट्याची आहे, भुसभुशीत आहे आणि नांगराला खडा लागू नये इतकी स्वच्छ. या मातीखाली चुनखडीचा जाड थर आहे. डोलोमाइट जातीचा हा कठीण दगड असंख्य भेगांनी चिरलेला आहे. पाऊस आणि वितळलेला बर्फ त्या भेगांतून झिरपतो, जमिनीखालचा साठा भरतो आणि पुढे ग्रँड, नॉटावासागा अशा नद्यांना जाऊन मिळतो. वरची जमीन निचऱ्याची राहते ती खालच्या दगडामुळे. टोरांटोच्या बाजारात येणाऱ्या बटाट्यातला मोठा हिस्सा या पट्ट्यातून येतो.

भांडण झालं ते या दगडावरून. शेतकऱ्याला तो जागच्या जागी हवा होता आणि एका कंपनीला फोडून, चाळून, ट्रकमध्ये भरून हवा होता. चाळलेल्या दगडाला आपण खडी म्हणतो. टोरांटोभोवती तिची भूक कधीच कमी होत नाही. ओंटारिओत वर्षाला १५ कोटी टनांहून जास्त खडी, वाळू आणि दगड लागतो. मिसिसागा आणि ब्रॅम्प्टनमधल्या ज्या नव्या वसाहतींत आज मराठी घरांतून गणपती बसतात, त्या घरांचे पाये आणि त्यांच्यापर्यंत जाणारे आठपदरी रस्ते अशाच कुठल्यातरी टाऊनशिपच्या, म्हणजे तिथल्या ग्रामीण पालिकेच्या, पोटातून निघालेले आहेत.

गोष्ट २००६ च्या सुमारास सुरू झाली. हायलँड कंपनीज नावाची एक संस्था मेलँक्थन आणि आसपासच्या शेतजमिनी घेऊ लागली. आम्हाला बटाट्याचा धंदा मोठा करायचा आहे, असं विकणाऱ्यांना सांगितलं गेलं आणि त्यात खोटं म्हणावं असं काही दिसत नव्हतं. जमिनी घेतल्या गेल्या, बटाटे लावले गेले, काढले गेले, धुऊन पोत्यांत भरून विकलेही गेले. बघता बघता ही कंपनी प्रांतातल्या मोठ्या बटाटा उत्पादकांत गणली जाऊ लागली. हजारो एकर तिच्या नावावर झाले. पैसा बोस्टनच्या बॉपोस्ट या गुंतवणूक फंडाचा होता. अब्जावधी डॉलर सांभाळणाऱ्या फंडाला बटाट्यात एवढा रस कसा, हा प्रश्न गावात पडायला थोडा वेळ लागला.

आपल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. रस्ता जाहीर होण्याआधी सातबारे हलू लागतात, तलाठी कार्यालयाबाहेर अनोळखी गाड्या उभ्या राहतात आणि चहाच्या टपरीवर एकराचा भाव अचानक तोंडपाठ होतो. मेलँक्थनमध्ये टपरीऐवजी कॉफीचं दुकान होतं, एवढाच फरक. आणखी एक गोष्ट तिथे दिसत होती. विकत घेतलेल्या शेतांवरची जुनी घरं आणि गोठे एकामागून एक पाडले जात होते. ज्याला पिढ्यान् पिढ्या शेती करायची आहे तो गोठा पाडत नाही. ज्यांनी जमीन विकली होती ते आणि ज्यांनी नाकारली होती ते, असे दोन तट गावात पडले. विकणाऱ्यांना दोष देणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. साठी उलटलेल्या शेतकऱ्याची मुलं शहरात नोकरीला असतील आणि कुणी चांगला भाव देत असेल, तर त्याने गावाच्या नकाशाकडे बघून नाही म्हणावं, ही अपेक्षा कुणाच्या तोंडी शोभते?

जानेवारी २००९ मध्ये काही शेतकरी आणि रहिवाशांनी एकत्र येऊन एक संघटना काढली. तिचं लांबलचक इंग्रजी नाव आखूड होऊन ‘एनडॅक्ट’ झालं. गुरं आणि घोडे पाळणारे कार्ल कोसॅक पुढे तिचा चेहरा बनले. तोवर खाणीचा अर्ज आलेला नव्हता. दगडाच्या चाचणीसाठी पाडलेली भोकं मात्र सगळ्यांनी पाहिली होती.

अर्ज मार्च २०११ मध्ये आला. तीन हजारांहून जास्त पानं होती. खाणीचं क्षेत्र २,३१६ एकर. कॅनडात एवढी मोठी दगडखाण दुसरी नव्हती. खालचा साठा १०० कोटी टनांचा. खोली भूजलाच्या पातळीखाली सुमारे ६० मीटर. वर्दळीच्या वेळी तासाला दीडशेपर्यंत ट्रक. आणि हे सगळं वाचून पुढे गेलेल्या माणसाला परत मागे यायला लावणारा एक आकडा होता: खाणीत शिरणारं पाणी उपसण्यासाठी रोज ६० कोटी लिटरची व्यवस्था. ओंटारिओतली सत्तावीस लाख माणसं दिवसाकाठी वापरतील एवढं हे पाणी. ते उपसायचं, भोवतीच्या जमिनीत परत सोडायचं, पुन्हा येईल तेव्हा पुन्हा उपसायचं.

हे किती वर्षं? कायमचं. कारण दगड संपल्यावर खाणीच्या तळाशी माती पसरून तिथे पुन्हा शेती करू, असं कंपनीचं म्हणणं होतं. म्हणजे भूजलाच्या पातळीखाली, चारी बाजूंनी दगडी भिंती असलेल्या खड्ड्यात बटाट्याचं शेत, आणि ते बुडू नये म्हणून जगाच्या अंतापर्यंत चालणारे पंप. ही कल्पना गंमत म्हणून कागदावर आलेली नव्हती. उत्तम शेतजमिनीवर खाण काढायला प्रांताचं धोरण परवानगी देत होतं, फक्त तो जमिनीचा तात्पुरता वापर मानला जात होता. काम झालं की जवळजवळ तेवढीच जमीन, त्याच कसाची, परत करून द्यायची. अट अशी, म्हणून तळाशी शेत. अट पूर्ण करण्याच्या नादात माणूस कुठवर जातो, त्याचा हा नमुना मला अजून विसरता येत नाही.

हरकती घ्यायला मुदत होती ४५ दिवसांची. तीन हजार पानं, त्यांतली बरीचशी भूजलशास्त्राची, आणि वाचणारे लोक पेरणीच्या तयारीत. हरकत प्रांताच्या मंत्रालयाला आणि कंपनीला, दोघांनाही वेगवेगळी पाठवायची. नाहीतर ती धरली जाणार नाही.

ओंटारिओच्या तेव्हाच्या नियोजन धोरणात खनिजांबद्दल दोन वाक्यं होती आणि सगळी लढाई त्या दोन वाक्यांशी होती. पहिल्याचा अर्थ असा की, खडीचे साठे बाजारपेठेच्या जितके जवळ मिळतील तितके उपलब्ध करून द्यावेत. यामागचं गणित जगभर सारखंच आहे. दगड स्वस्त, डिझेल महाग. खडीचा ट्रक जितका लांबून येईल तितकं भाडं दगडाच्या किमतीवर चढतं. म्हणून शहर वाढलं की खाण त्याच्या मागे मागे जाते, मग शहर खाणीपर्यंत पोचतं आणि नव्या सोसायटीतले लोक धुळीबद्दल तक्रार करू लागतात. पुण्याजवळच्या वाघोलीचं हेच झालं. तिथल्या खाणींतून पुणं उभं राहिलं, खाणींवर वडार समाजाच्या आणि बाहेरून आलेल्या मजुरांच्या पालांत एक पिढी वाढली, आणि २०२१ मध्ये वाघोली महापालिकेत आली तोवर खाणींच्या कडेला बारा-बारा मजली इमारती उभ्या होत्या. आधी कोण आलं, हा वाद तिथे कुणालाच नीट जिंकता येत नाही.

दुसरं वाक्य जास्त करडं होतं. खडीची गरज आहे की नाही, मागणी किती, पुरवठा किती, याचा हिशेब अर्जदाराने द्यायची आवश्यकता नाही. शाळा बांधायची तर मुलं किती ते सांगावं लागतं, धरण बांधायचं तर लाभक्षेत्र दाखवावं लागतं. १०० कोटी टन दगडाला मात्र हा प्रश्न विचारण्याची सोयच नव्हती. गरज गृहीत. तुम्ही फक्त पाणी, आवाज, धूळ, वाहतूक यांवर बोला, आणि त्या प्रत्येकावर कंपनीच्या तज्ज्ञाचा अहवाल तयार असे. मेलँक्थनच्या लोकांना मनातून जे विचारायचं होतं, ते विचारायला रकानाच नव्हता.

कंपनीची बाजू अगदी पोकळ नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. टोरांटोजवळचे परवानाधारक साठे आटत चालल्याचं सरकारच्याच २०१० च्या अभ्यासात म्हटलं होतं. इथे नाही तर आणखी लांबून आणाल, मग जास्त डिझेल जाळाल, हा युक्तिवाद आकड्यांत टिकणारा होता. शेकडो नोकऱ्यांचं आश्वासनही होतं. खाणीला विरोध करणारा माणूस ज्या गाडीने सभेला जातो तिच्या चाकाखाली खडीच असते, हे टोमणे तिथेही मारले गेले. आपल्याकडे तर क्रशरविरोधी निवेदन द्यायला गेलेलं शिष्टमंडळ त्याच दिवशी गावच्या रस्त्याच्या डांबरीकरणाचंही निवेदन देऊन येतं. यात मला विसंगती दिसत नाही. पोळी खाणाऱ्याला पिठाच्या गिरणीची जागा ठरवण्याचा हक्क नाही, असं कुणी म्हणत नाही.

मग पैशाचं बोलू. त्या काळात ओंटारिओत खडीच्या दर टनामागे कंपनीने भरायचा आकार होता साडेअकरा सेंट. त्यातले सहा सेंट स्थानिक टाऊनशिपला. तेव्हाच्या दराने तीन रुपयांच्याही आत. एवढ्यात त्या टाऊनशिपने खाणीचे ट्रक सोसणारे रस्ते सांभाळायचे. महाराष्ट्रात २०२१ पासून गौण खनिजाची रॉयल्टी ब्रासला ६०० रुपये आहे. ब्रास म्हणजे १०० घनफूट, खडीच्या हिशेबात साधारण चार-साडेचार टन. टनाला सव्वाशे-दीडशे रुपये पडले. म्हणजे दगडाची किंमत करण्यात आपण श्रीमंत कॅनडाच्या कितीतरी पुढे आहोत. ज्या गावाच्या डोंगराचा लचका तोडला जातो त्या गावाला त्यातून काय दिसतं, हा हिशेब सरपंचाकडून ऐकावा.

मेलँक्थनचा अर्ज तांत्रिक मुद्द्यांवर अडला असता की नाही, कोण जाणे. तो तिथवर गेलाच नाही. आंदोलनाने रकाने सोडून दिले आणि वाद शहरातल्या स्वयंपाकघरात नेला.

एप्रिल २०११ मध्ये टोरांटोच्या विधानभवनापासून मेलँक्थनपर्यंत पदयात्रा निघाली. मोहॉक या मूळनिवासी समाजातले डॅनी बीटन तिच्या अग्रभागी होते. त्यांच्या येण्याला जुना संदर्भ होता. १७८४ मध्ये ब्रिटिश गव्हर्नर हॅल्डिमंड यांनी सिक्स नेशन्सच्या, म्हणजे मोहॉकांसह सहा मूळनिवासी समाजांच्या, लोकांना ग्रँड नदीच्या दोन्ही काठांची सहा-सहा मैल जमीन, मुखापासून उगमापर्यंत, देऊ केली होती. त्यातली बहुतेक पुढे हातची गेली. उगमाकडच्या भागाचा वाद तर आजही मिटलेला नाही. आणि आता त्याच उगमाच्या परिसरात ६० मीटरचा खड्डा पडणार होता. बटाटा शेतकरी आणि मूळनिवासी यांच्यात एरवी फारसं येणंजाणं नव्हतं. पाण्याने ते घडवलं.

मग आचारी आले. मायकेल स्टाटलेंडर हे जर्मनीत जन्मलेले, कॅनडात नावाजलेले शेफ. त्यांचं शेत आणि तिथेच चालणारं त्यांचं छोटं भोजनगृह प्रस्तावित खाणीपासून फार लांब नव्हतं. त्यांनी देशभरातल्या शंभरेक शेफना हाक दिली. १६ ऑक्टोबर २०११ ला हनीवुडजवळच्या शेतात आणि झाडीत ‘फूडस्टॉक’ भरलं. दिवस गारठ्याचा, वारा बोचरा, मधूनमधून पाऊस, पायाखाली चिखल. रबरी बूट घातलेल्या, कडेवर पोरं घेतलेल्या शहरी माणसांच्या रांगा झाडांमधून वळत वळत चुलींपर्यंत गेल्या होत्या. एरवी ज्यांच्या हॉटेलात टेबल मिळायला आठवडे लागतात ते लोक ओल्या लाकडाच्या धुरात डोळे चोळत बटाटे परतत होते. पैसे ज्याच्या इच्छेला येतील तेवढे. २८ हजार माणसं आली, म्हणजे टाऊनशिपच्या लोकसंख्येच्या दहापट.

एक गोष्ट मला यात फार महत्त्वाची वाटते. आलेल्यांपैकी बहुतेकांनी तीन हजार पानांपैकी एकही पान वाचलं नसणार. त्याची गरजही पडली नाही. हातातल्या द्रोणातला बटाटा ज्या मातीत झाला ती त्यांच्या बुटाला लागलेली होती. धोरणाने जो प्रश्न विचारायला मनाई केली होती, तो या लोकांनी खाता खाता विचारला: आपल्याला दोन्हींपैकी जास्त गरज कशाची आहे?

त्याआधीच, १ सप्टेंबर २०११ ला, प्रांत सरकारने या खाणीसाठी पूर्ण पर्यावरणीय मूल्यांकन सक्तीचं केलं होतं. ओंटारिओत खाजगी दगडखाणीला हे मूल्यांकन एरवी लागतच नसे, त्यामुळे असा आदेश पहिल्यांदाच निघाला. सरकारला एकाएकी भूजलाचा कळवळा आला असं समजायचं कारण नाही. प्रांतिक निवडणूक ६ ऑक्टोबरला होती. निवडणुकीच्या तोंडावर फाइल थंड बस्त्यात टाकायची कला कुठल्याही देशात शिकवावी लागत नाही.

पुढच्या वर्षी, २१ ऑक्टोबर २०१२ ला, चूल शहरातच पेटली. टोरांटोच्या वुडबाइन पार्कमध्ये ‘सूपस्टॉक’. डेव्हिड सुझुकी फाउंडेशन ही पर्यावरण संस्था सोबतीला, दोनशेच्या आसपास शेफ, प्रत्येकाचं वेगळं सूप, आणि खाणारे ४० हजार. वाडगा-चमचा घरून आणायचा. तोवर टोरांटोच्या चांगल्या वस्त्यांतल्या हिरवळींवर ‘मेगा क्वारी थांबवा’च्या पाट्या दिसू लागल्या होत्या. मेलँक्थन नकाशावर कुठे आहे हे दोन वर्षांपूर्वी ज्यांना माहीत नव्हतं, त्यांच्या अंगणात.

बरोबर एका महिन्याने, २१ नोव्हेंबरला, कंपनीने अर्ज मागे घेतला. खाण प्रांताच्या हिताचीच होती, पण लोकांचा आणि सरकारचा पुरेसा पाठिंबा नाही, अशा आशयाचं निवेदन निघालं. २०१३ मध्ये साडेसहा हजार एकरांच्या आसपासची ती जमीन बॉनफील्ड या शेतजमिनीत गुंतवणूक करणाऱ्या कंपनीने घेतली. बटाटे चालू राहिले. मालक मात्र पुन्हा गुंतवणूकदारच. जुने शेतकरी परतले आणि तुटलेली घरं बांधली गेली, असा शेवट या कथेला नाही.

हे सगळं वाचताना महाराष्ट्रातल्या माणसाच्या मनात येतं की, आपल्याकडे शेफ कुठून आणायचे? पण अडचण शेफची नाही, आकाराची आहे. मेलँक्थनची खाण २,३१६ एकरांची होती म्हणून ४० हजार माणसं सूप प्यायला आली. खाण बारा एकरांची असती तर चाळीसही आली नसती.

आणि आपल्याकडच्या खाणी साधारण एवढ्याच असतात. कागदावर आपला कायदा ओंटारिओपेक्षा कडक आहे. हरियाणातल्या नदीपात्रांतून दगड-गोटे, खडी आणि वाळू उपसण्याच्या लिलावांवरून दीपक कुमार खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. मोठ्या क्षेत्राचे पाच हेक्टरांच्या आतले तुकडे पाडायचे आणि पर्यावरण मंजुरीतून सुटायचं, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. २७ फेब्रुवारी २०१२ ला न्यायालयाने सांगितलं की, पाच हेक्टरांपेक्षा लहान पट्ट्यालाही मंजुरी लागेल. मेलँक्थनच्या लोकांना जे मूल्यांकन झगडून मिळवावं लागलं, त्याचं भारतीय भावंड आपल्या लहानातल्या लहान खाणीला न मागता मिळालं. मग १५ जानेवारी २०१६ ची अधिसूचना आली. पाच हेक्टरांपर्यंतच्या खाणींचा निर्णय जिल्हा पातळीवरच्या समितीकडे गेला आणि जनसुनावणी वगळली गेली. हरित न्यायाधिकरणाने २०१८ मध्ये या व्यवस्थेवर कोरडे ओढले, पण सगळ्यांत लहान पट्ट्यांच्या वाट्याला जनसुनावणी आली नाही. ओंटारिओत गरज विचारायची नाही. आपल्याकडे पाच हेक्टरांच्या आत लोकांनाच विचारायचं नाही.

अपवाद अनुसूचित क्षेत्राचा. १९९६ च्या पेसा कायद्याने तिथे गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीची शिफारस बंधनकारक केली आहे. बाकीच्या महाराष्ट्रात ग्रामसभेचा ठराव निवेदनाला जोडायच्या कामाचा. त्यामुळे गावाला खाणीची पहिली बातमी बहुधा हायवा गाड्या देतात. एक क्रशर, शेजारी दुसरा, डोंगराच्या पलीकडे तिसरा. सुरुंगाने विहिरीचं पाणी खाली गेलं म्हणावं तर कुठल्या खाणीच्या? प्रत्येकाचे कागद पाच हेक्टरांपुरते चोख. ज्वारीच्या पानावरची पांढरी पूड कुणाची, हे कुठल्याच पंचनाम्यात लिहिता येत नाही. २,३१६ एकरांची खाण एकदम मागितली तर देश पेटतो. बारा-बारा एकरांनी दोनशे वेळा मागितली, तर जिल्ह्याच्या पुरवणीतही येत नाही.

ओंटारिओतही फारसं बदललं नाही. मेलँक्थनचा वाद चालू असतानाच विधिमंडळाच्या समितीने खडीच्या कायद्याचा आढावा हाती घेतला, २०१७ मध्ये दुरुस्त्या झाल्या. पण २०१९ मध्ये आणखी एका दुरुस्तीने खाण किती खोल जावी हे आपल्या झोनिंगच्या नियमांतून ठरवण्याची वाट स्थानिक पालिकांना बंद केली. २०२४ चं नवं नियोजन धोरण आलं, त्यातही गरज सिद्ध करण्याची आवश्यकता नाही हे वाक्य तसंच आहे. ब्रॅम्प्टनला लागून उत्तरेला असलेल्या कॅलेडनमध्ये सुरुंगाच्या आणखी एका खाणीचा वाद गेली काही वर्षं चालू आहे.

खुद्द मेलँक्थनमध्ये खडीच्या लहान खाणी आधीही होत्या, आजही आहेत. त्यातल्या एकीच्या मालकांनी जुन्या खाणीच्या तळाखाली, भूजलाच्या पातळीपेक्षा खोल जायचा प्रस्ताव पुढे आणला. तेव्हा एनडॅक्टने चुली पेटवल्या नाहीत. आपले भूजलतज्ज्ञ घेऊन ती कंपनीशी बोलणी करायला बसली: विहिरींची मोजणी कोण करणार, पाणी उतरलं तर काम कधी थांबणार, आणि थांबवण्याचा अधिकार कुणाच्या हातात असणार.